कसोटीचीही कसोटी पाहणारे अबू रैहान अल्-बिरूनी

वाचकहो, जुना दागिना मोडण्यासाठी तुम्ही कधी सराफाच्या पेढीवर गेला असाल, तर त्याची पारख करण्याची जुनी रीत तुम्ही पाहिलीच असेल. सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासून एक रेघ ओढतो. पण नुसत्या त्या एका रेघेवरून तो काही बोलत नाही. तिच्या शेजारी तो दुसरी रेघ ओढतो. ही दुसरी रेघ असते त्याच्या जवळच्या, कस आधीच ठाऊक असलेल्या सोन्याची. दोन्ही रेघांना तेजाब लावायचे, कोणती किती टिकते हे पाहायचे आणि मग दागिन्याचा कस सांगायचा. आता पुष्कळ पेढ्यांवर यंत्रे आली आहेत. पण त्या यंत्रालाही आधी कस माहीत असलेले सोने दाखवावे लागते, तेव्हाच ते दुसऱ्याच्या सोन्याविषयी खरे सांगू शकते.

म्हणजे साराच निवाडा त्या दुसऱ्या रेघेवर अवलंबून असतो. तेच सोने खोटे निघाले तर? मग दगड चांगला असून, तेजाब कडक असून आणि सराफाची नजर तयार असूनही उत्तर चुकणारच. आपल्याकडे पूर्वी सोने गुंजांनी तोलत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. पण गुंज हे शेवटी वेलीवरचे बी. एखादी भरलेली, एखादी पोचट. तोलणाऱ्याची नियत कितीही साफ असली, तरी ज्याच्याशी तोलायचे तेच डळमळीत असेल तर तोल खरा कसा व्हावा?

ज्याच्याशी तुलना करायची ती वस्तू आधी निर्विवाद असली पाहिजे, हे आजच्या मोजमापशास्त्राचे पहिले सूत्र आहे. अशा वस्तूला निर्देशक द्रव्य किंवा प्रमाण-द्रव्य म्हणतात. औषधाचा कारखाना असो, पोलादाचा असो की रक्त तपासण्याची प्रयोगशाळा असो, अशा द्रव्यांवाचून कोणाचेही पान हलत नाही. हे सूत्र सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या हाताने, आपल्या तराजूवर आचरून दाखवले, त्या अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्-बिरूनी यांचे चरित्र मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात हिंदुस्थानचे वर्णन लिहिणारा प्रवासी म्हणून वाचतो आणि पुढे जातो. या लेखात त्यांच्या हातातील तराजूकडे जरा अधिक लक्ष देऊ.

बालपण आणि उस्ताद

अल्-बिरूनी यांचा जन्म इ. स. ९७३ च्या सप्टेंबर महिन्यात ख्वारिज्म प्रांतातील काथ या राजधानीजवळ झाला. अमू दर्या, ज्या नदीला अरब जैहून म्हणत, तिच्या खालच्या खोऱ्यातला हा मुलूख. ती जागा आज उझबेकिस्तानात आहे आणि तेथील एका शहराला त्यांचेच नाव दिलेले आहे. फारसीत बिरून म्हणजे बाहेर. शहराच्या तटाबाहेरच्या वस्तीत जन्मलेला, म्हणून बिरूनी. हे नाव त्यांच्या आयुष्याला असे काही चिकटले की पुढे खरोखरच त्यांना बहुतेक काळ आपल्या गावाबाहेर काढावा लागला.

एका बाबतीत मात्र ते भाग्यवान ठरले. त्यांना लहानपणीच अबू नस्र मन्सूर यांच्यासारखे उस्ताद लाभले. अबू नस्र हे राजघराण्यातील पुरुष आणि त्या काळचे नामांकित गणिती. त्यांनी या हुशार मुलाला भूमिती आणि खगोलशास्त्र शिकवले. सतराव्या वर्षाच्या सुमारास बिरूनी यांनी अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा असलेले एक कडे घेऊन माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली आणि काथ शहराचे अक्षांश काढले. आपल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे हे वय, हे लक्षात घ्या.

इ. स. ९९५ मध्ये या शांत जीवनावर घाला पडला. गुरगंजच्या अमिराने काथवर चाल करून जुन्या राजघराण्याचा शेवट केला. ज्या घराण्याच्या छायेत ते वाढले तेच नष्ट झाले, आणि बावीस वर्षांचे बिरूनी देशोधडीला लागले. काही काळ ते इराणातील रय या शहरी होते. हातात पैसा नाही, मागे कोणी नाही. तेथील एका प्रतिष्ठित ज्योतिषाशी शास्त्रातल्या एका मुद्द्यावर त्यांचा मतभेद झाला. तेव्हा त्या गृहस्थाने मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी त्यांच्या गरिबीची टर उडवली. पुढे बिरूनी यांचे दिवस पालटले, तसा तोच गृहस्थ त्यांच्याशी गोडीने वागू लागला. ही हकीकत त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. मुद्दा तोच होता, बोलणाराही तोच होता. बदलला होता तो ऐकणाऱ्याचा काटा. खऱ्या मापाची एवढी ओढ या माणसाला का लागली, हे या प्रसंगावरून थोडेफार कळते.

अशा धावपळीतही त्यांचे काम थांबले नाही. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. बिरूनी यांनी ते काथहून पाहिले आणि आधी ठरवून ठेवल्याप्रमाणे बगदादहून अबुल वफा या थोर गणितज्ञाने पाहिले. ग्रहण हे सर्वांना एकाच क्षणी दिसते. त्यामुळे दोन ठिकाणच्या स्थानिक वेळांतील फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतला फरक निघाला. शेकडो कोस दूर असलेल्या दोन माणसांनी एकाच गोष्टीकडे बोट ठेवून आपापली घड्याळे ताडून पाहावी, असा हा प्रकार. सर्वांना सारखी असणारी एक खूण शोधायची आणि तिच्याशी बाकीचे ताडून पाहायचे, ही त्यांच्या विचाराची पद्धत येथेच दिसू लागते.

त्यानंतर जुर्जानचा राजा काबूस याच्या आश्रयाला राहून त्यांनी इ. स. १००० च्या सुमारास निरनिराळ्या राष्ट्रांच्या कालगणनांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ख्वारिज्मच्या नव्या राजाने त्यांना मानाने परत बोलावले. ज्या गुरगंजच्या फौजेमुळे त्यांना पळावे लागले होते, त्याच गुरगंजमध्ये ते विद्वान म्हणून राहू लागले. आणि तेथेच, जैहून नदीच्या काठी, त्यांनी तो प्रयोग केला ज्यासाठी हा लेख लिहिला आहे.

शंभर मिस्काल सोने

पाण्यात वस्तू बुडवली की ती आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा शोध आपण शाळेत शिकतो. राजाच्या मुकुटातील सोने शुद्ध की भेसळीचे, हे त्यावरून ठरते, ही गोष्टही आपल्याला माहीत असते. पण वाचकहो, एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मुकुट भेसळीचा आहे हे कळायला शुद्ध सोने किती पाणी सारते हे आधी ठाऊक हवे, नाही का? आणि ते शुद्ध सोने खरोखर शुद्ध आहे, हे कोणी पाहिले?

बिरूनी यांनी नेमके येथूनच सुरुवात केली. त्यांच्या मागून आलेल्या अल्-खाजिनी या शास्त्रज्ञाने त्यांच्या प्रयोगाची जी नोंद आपल्या ग्रंथात दिली आहे, तिच्यावरून त्यांची रीत समजते. त्यांनी सोने घेतले आणि ते एकदा नव्हे, पाच वेळा वितळवून शुद्ध केले. ते सहजासहजी वितळेना, वितळले की चटकन घट्ट होऊ लागले आणि कसोटीवर घासले तर जेमतेम रेघ उमटू लागली, तेव्हा कोठे त्यांनी ते तोलायला घेतले. म्हणजे तराजूला हात लावण्याआधीचे कष्टच जास्त होते.

पाणी मोजण्यासाठी त्यांनी एक खास भांडे बनवले. खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले, शंकूच्या आकाराचे. त्याची मान करंगळीएवढी अरुंद, आणि मानेच्या बाजूला खाली वळलेली एक तोटी. भांडे तोटीपर्यंत काठोकाठ भरायचे, धातूचा तुकडा अलगद आत सोडायचा आणि तोटीतून जेवढे पाणी बाहेर पडेल तेवढे तराजूच्या पारड्यात झेलून तोलायचे. मान अरुंद कशासाठी? कारण रुंद तोंडाच्या भांड्यात पाण्याची पातळी केसभर वर-खाली झाली तरी बरेच पाणी चुकते. अरुंद मानेत ती चूक लहान होते. पण अरुंद केले की दुसरी अडचण उभी राहते. तोटीत पाणी चिकटून बसते, बाहेर पडत नाही. त्यामुळे त्यांना हे उपकरण एकदा करून भागले नाही. मनासारखे होईपर्यंत त्यांनी ते पुन्हा पुन्हा बदलले.

त्या काळी तेथे मिस्काल हे वजन चाले. एका मिस्कालाचे सहा दानिक आणि एका दानिकाचे चार तस्सूज. बिरूनी यांना आढळले की शंभर मिस्काल सोने ५ मिस्काल, १ दानिक आणि २ तस्सूज एवढे पाणी सारते. आपल्या दशांश पद्धतीत हे ५·२५ मिस्काल होते. शंभराला सव्वापाचाने भागा. सोने पाण्याच्या १९·०५ पट जड आहे, असे उत्तर येते. आज आपण १९·३ मानतो. शंभर मिस्काल म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्या सोन्यामागे या दोन आकड्यांतला फरक जेमतेम पाच-सहा थेंब पाण्याचा आहे! आज आपल्या शाळांत जी काचेची उपकरणे सहज मिळतात, त्यांतले एकही जवळ नसताना हे साधले होते.

चांदीसाठी त्यांचे उत्तर १०·३० येते, आज आपण १०·५ धरतो. शिशाचे ११·३२ येते, आजचे ११·३४. कथलाचे ७·३२ येते, आजचे ७·२९. तांब्याचा आकडा थोडा अधिक चुकला आहे. त्यांचा ८·६६, आजचा ८·९६.

यापुढची त्यांची पायरी अधिक महत्त्वाची आहे. त्यांनी सोने हेच प्रमाण मानले. एका ठरावीक आकारमानाच्या सोन्याचे वजन १०० धरायचे आणि तेवढ्याच आकारमानाच्या दुसऱ्या धातूचे वजन किती भरते ते सांगायचे. या हिशेबाने पारा सुमारे ७१, शिसे ५९, चांदी ५४, तांबे ४५, लोखंड ४० आणि कथील ३८ भरते. रत्नांसाठी त्यांनी निळा याकूत, म्हणजे आपला नीलम, प्रमाण धरला. नीलम १०० तर माणिक सुमारे ९७, बदख्शानचा लाल ९०, पाचू ६९, लाजवर्द ६७, मोती ६५, अकीक ६४ आणि स्फटिक ६३.

पाणी आणि ऋतू

सोने शुद्ध केले, भांडे नीट केले. आता उरले पाणी. पाणी म्हणजे पाणी, असे आपण सहज म्हणतो. पण विहिरीचे पाणी, नदीचे पाणी, खारे पाणी, थंड पाणी आणि ऊन पाणी यांची वजने सारखी नसतात. ही गोष्ट बिरूनी यांच्या नजरेतून सुटली नाही. म्हणून आपले प्रयोग गुरगंज येथे केले, पाणी जैहून नदीचे वापरले आणि तेव्हा शरद ऋतूचा आरंभ होता, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

वाचकहो, ही नोंद वरवर किरकोळ वाटते. पण तिच्यामागची वृत्ती पाहा. माझा आकडा खरा माना, असा हट्ट येथे नाही. मी काय वापरले, कोठे वापरले, कोणत्या हंगामात वापरले ते मी सांगतो, आता तुम्ही स्वतः करून पाहा, असे हे आमंत्रण आहे. आजच्या निर्देशक द्रव्याच्या प्रत्येक बाटलीसोबत एक प्रमाणपत्र येते. त्यात द्रव्य कसे तपासले, कोणत्या स्थितीत त्याचे मूल्य खरे आहे आणि किती चूक संभवते, हे छापलेले असते. त्या प्रमाणपत्राचा आत्मा त्या एका नोंदीत आहे.

गझनीचा मुक्काम

इ. स. १०१७ मध्ये दैवाने पुन्हा उचल खाल्ली. गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि इतर लुटीबरोबर तेथील विद्वानही गझनीला नेले. त्यांत बिरूनी होते. दरबारी म्हणावे तर स्वातंत्र्य नाही, कैदी म्हणावे तर बेड्या नाहीत, अशी त्यांची अवस्था होती. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १०१८ रोजी, काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांना सूर्याची उंची मोजायची होती. जवळ एकही उपकरण नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर कंसाच्या खुणा आखल्या, ओळंबा लावला आणि काम भागवले. साधन नाही म्हणून काम अडले, अशी तक्रार करणाऱ्या आम्हा सर्वांनी ही पाटी ध्यानात ठेवावी.

महमूदच्या स्वाऱ्यांमुळे हिंदुस्थानचा वायव्य भाग त्यांना पाहता आला. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, पंडितांना प्रश्न विचारले, पातंजल योगाचा अरबीत अनुवाद केला आणि इ. स. १०३० मध्ये हिंदुस्थानावरचा आपला जगप्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. जिंकणाऱ्याच्या लवाजम्यातून आलेला हा माणूस जिंकलेल्यांचे शास्त्र शिकायला बसला, हे त्यांचे मोठेपण. त्या ग्रंथात येथील वजनमापांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मार्गांच्या वर्णनात आपला महाराष्ट्र देश आणि ठाणे हे ज्याचे मुख्य नगर ते कोकण, यांचाही उल्लेख आहे.

सध्याच्या पाकिस्तानातील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी पृथ्वीचे मोजमाप केले. एका डोंगराची उंची त्यांनी ६५२ हात काढली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला, तो ३४ कला भरला. या दोन आकड्यांवरून त्यांनी भूमितीने पृथ्वीची त्रिज्या काढली. हा पराक्रम सर्वत्र गाजला आहे. पण यातून आपल्या विषयापुरता एक धडा निघतो. पृथ्वीची त्रिज्या त्यांनी हातांत दिली आहे. तो हात नेमका किती लांबीचा, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. त्यामुळे त्यांचे उत्तर आजच्या उत्तराच्या किती जवळ होते, याबद्दल वाद होतात. उलट सोन्यापुढे शिसे ५९ आणि चांदी ५४, याबद्दल वाद घालण्याचे कारणच नाही. मिस्काल गेला, दानिक गेला, गुरगंजचा दरबार गेला, पण शुद्ध सोने आजही तेच आहे. ज्याला शंका असेल त्याने सोने शुद्ध करावे आणि तोलून पाहावे. जे प्रमाण दुसऱ्या माणसाला पुन्हा उभे करता येते, तेच काळापुढे टिकते.

याच कारणामुळे आधुनिक शास्त्रज्ञांनीही आपली प्रमाणे बदलली. पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा हा १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम होता. २० मे २०१९ पासून ते स्थान निसर्गातील एका अचल स्थिरांकाला दिले गेले. ठोकळा हरवू शकतो, झिजू शकतो. निसर्गाचा स्थिरांक झिजत नाही.

पाचू आणि साप

उतारवयात, सुलतान मौदूदच्या कारकिर्दीत, बिरूनी यांनी रत्ने आणि धातू यांवर अल्-जमाहिर हा ग्रंथ लिहिला. रत्ने कोठे सापडतात, त्यांची पारख कशी करतात, किंमत कशी ठरते, नकली रत्ने कशी बनवतात, अशी सर्व माहिती त्यात आहे. अल्-किंदीसारख्या पूर्वसूरींचा आधार ते मोकळ्या मनाने सांगतात. पण ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय सोडीत नाहीत.

पाचू दिसला की सापाचे डोळे फुटतात, असा समज तेव्हा सर्वत्र होता. मोठमोठ्या ग्रंथांत तो लिहिलेला होता आणि लोक त्यावर विश्वास ठेवीत. बिरूनी यांनी काय करावे? त्यांनी सापाला पाचूची माळ घातली, त्याच्या खाली पाचू पसरले, त्याच्यासमोर पाचूंची माळ हलवली. उन्हाळा गेला, हिवाळा आला. नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. उलट त्याची नजर थोडी तेज झाली असेल तर न कळे, असा मिस्कील शेरा मारून त्यांनी तो विषय संपवला.

बदख्शानच्या लालची गोष्टही अशीच बोलकी आहे. हा तांबडा खडा दिसायला हुबेहूब माणकासारखा असतो. पण बिरूनी यांच्या कोष्टकात माणिक ९७ आणि लाल ९०, असा स्वच्छ फरक आहे. डोळा फसला तरी पाणी फसले नाही. युरोपात मात्र या दोन खड्यांची गल्लत अठराव्या शतकापर्यंत चालली. इंग्लंडच्या राजमुकुटात ब्लॅक प्रिन्सचे माणिक म्हणून मिरवणारा मोठा तांबडा खडा प्रत्यक्षात असाच एक लाल आहे. आणखी एक गंमत पाहा. नीलम आणि माणिक, एक निळा आणि एक तांबडा, यांना बिरूनी याकूत या एकाच कुळातले मानत. आज रसायनशास्त्र सांगते की दोन्ही एकाच द्रव्याचे, ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, स्फटिक आहेत.

अखेरचे दिवस

त्यांच्या कामाचा झपाटा पाहून मन थक्क होते. वर्षातून नौरोज आणि मेहरजान हे दोन सणाचे दिवस सोडले तर त्यांच्या हातातून लेखणी आणि डोळ्यांपुढून निरीक्षण कधी सुटत नसे, असे चरित्रकार याकूत सांगतो. चांद्रवर्षांच्या हिशेबाने पासष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या ग्रंथांची यादी केली, तेव्हा ती ११३ वर गेली. खगोलशास्त्रावरचा मोठा ग्रंथ सुलतान मसूदला अर्पण केल्यावर सुलतानाने हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि बिरूनी यांनी ती आपल्याला गरज नाही म्हणून परत केली, अशी आख्यायिका आहे. चांदी सोन्यापुढे ५४ भरते हे ज्यांनी काढले, त्यांना तिचा खरा मोल ठाऊक होता म्हणायचा!

शेवटी नजर मंदावली, कान जड झाले. तरीही ते औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात गुंतलेले होते. वनस्पतींची नावे निरनिराळ्या भाषांत देण्याचा त्यांचा हेतू असा की नावाच्या घोटाळ्यात एका औषधाऐवजी भलतेच कोणाच्या पोटात जाऊ नये. इ. स. १०५० च्या सुमारास गझनी येथे त्यांचे निधन झाले. मृत्युशय्येवर असताना त्यांना एक न्यायशास्त्रज्ञ भेटायला आले. बिरूनी यांनी त्यांना वारसा हक्काच्या एका गुंतागुंतीच्या प्रश्नाची आठवण दिली आणि उलगडा विचारला. अशा स्थितीत हे कशाला, असे पाहुण्यांना वाटले. तेव्हा हा प्रश्न न समजता जाण्यापेक्षा समजून गेलेले बरे, असे बिरूनी यांनी सुचवले. पाहुण्यांनी तो समजावून सांगितला, बिरूनी यांनी तो परत म्हणून दाखवला. पाहुणे बाहेर पडले आणि रस्त्यातच त्यांना आतून रडण्याचा आवाज ऐकू आला, अशी कथा सांगतात.

वारसा

बिरूनी यांचे तराजूचे काम वाया गेले नाही. इ. स. ११२१ च्या सुमारास मर्व येथे अल्-खाजिनी याने ज्ञानाचा तराजू या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला आणि बिरूनी यांची मापे त्यात जपून ठेवली. पाच पारड्यांचा आपला तराजू वापरून तो धातूतली भेसळ ओळखत असे. तराजू त्याचा, पण तुलनेचे आकडे बिरूनी यांचे. पुढे १९३६ च्या सुमारास अल्-जमाहिर हा ग्रंथ छापून निघाला तो आपल्या शेजारी हैदराबादेत, दायरतुल मआरिफ या संस्थेत. त्या वेळी आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. गझनीत लिहिलेले पुस्तक नऊशे वर्षांनी दख्खनमध्ये छापले गेले, हेही एक नशीबच.

आता आपल्या काळाकडे या. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९०६ मध्ये ओतीव लोखंडाचे प्रमाणित नमुने देण्यास सुरुवात केली. निरनिराळ्या कारखान्यांतले रसायनज्ञ एकाच लोखंडाची निरनिराळी उत्तरे काढीत, म्हणून हा उद्योग करावा लागला. आपल्या देशात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय निर्देशक द्रव्ये प्रमाणित करते. मुंबईची सरकारी टांकसाळ, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने ९९·९९ टक्के शुद्ध सोन्याचे भारतीय निर्देशक द्रव्य तयार झाले. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. तुमच्या घरातील दागिन्यावर ९१६ हा आकडा कोरलेला असेल, तर त्याचा अर्थ हजारात ९१६ भाग सोने. तो आकडा कोरण्यापूर्वी कोठेतरी कोणीतरी त्याची तुलना शुद्धता ठाऊक असलेल्या सोन्याशी केलेली असते.

पाण्यात तोलण्याची रीत आता पुरी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. टंगस्टन नावाचा धातू जवळजवळ सोन्याइतकाच घन आहे. त्यावर सोन्याचा जाड मुलामा दिला तर पाणीही फसेल. म्हणून आता क्ष-किरणांनी आणि मुशीत तापवून परीक्षा करतात. साधन बदलले. पण ज्याच्याशी ताडायचे ते आधी निर्मळ असावे, हा नियम बदललेला नाही.

आमच्या शिक्षकी पेशात एक दृश्य नेहमी दिसते. प्रयोगवहीत मुले पुस्तकातले उत्तर आधी लिहितात आणि ते उत्तर येईल अशी निरीक्षणे मागून भरतात. वही नीटनेटकी दिसते, गुणही मिळतात. पण त्या वहीतला आकडा पोचट गुंजेसारखा असतो. त्याच्यावर दुसरे काही तोलता येत नाही. विद्यार्थी मित्रांनो, बिरूनी यांचा सोन्याचा आकडा आजच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळत नाही. तांब्याचा तर चांगलाच चुकला आहे. तरी हजार वर्षे लोक त्याचा आदर करतात, कारण तो त्यांनी खरोखर तोलून काढला होता आणि कोणत्या नदीच्या पाण्यात तोलला हेही सांगितले होते. तुमचे उत्तर चुकले तर चुको. ते तुमच्या तराजूतून आलेले असू द्या, आणि शेजारी पाणी कोणते होते तेवढे लिहून ठेवा.